कडुबासमोर फाडायचा कागद

घराचा बाँड सापडत नाही हे कळल्यावर तात्यासाहेबांनी पहिलं काम केलं ते म्हणजे दाराला आतून कडी घातली. घरात त्यांच्याखेरीज दोनच माणसं होती. बायको आवडाबाई खाली बसून ज्वारी निवडत होत्या आणि लेक प्रेरणा पुढच्या खोलीत मशीनवर कुणाच्या तरी लग्नाची नऊवारी शिवत होती. पण तात्यासाहेबांच्या हिशेबात ही दोन माणसं म्हणजे दोन संशयित होते.

"दार कामून लावलं? जीव उकडून चाललाय," आवडाबाई म्हणाल्या.

"कुणी बाहीर जायाचं नाय."

"मी कुठं चालले? हातात सूप हाय माझ्या."

"सूप बी दाखव."

मशीन थांबली. प्रेरणा दारात येऊन उभी राहिली. "तात्या, काय हरवलं?"

"हरवलं म्हून तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या मिशीला गव्हाचा भुसा लागलाय. कोठी उपसलीत ना?"

तात्यासाहेबांनी मिशी पुसली. लेकीची नजर चांगली होती, पण त्या घडीला चांगल्या नजरेचं माणूस घरात असणं त्यांना बरं वाटलं नाही.

तात्यासाहेब मूळचे पिशोरचे. पोरं शिकावीत म्हणून त्यांनी शहराजवळ, हर्सूलच्या मागच्या अंगाला, कडुबाच्या शेतातला एक तुकडा घेतला आणि त्यावर घर बांधलं. तेव्हा त्या भागात सगळं असंच विकलं जाई. स्टँपपेपरवर थोडा मजकूर, खाली सह्या आणि नोटरीचा शिक्का. लोक त्याला बाँड म्हणतात. रजिस्ट्री नाही, म्हणून सरकारी दप्तरात नक्कलही नाही. सातबाऱ्यावर आजही कडुबाचंच नाव. म्हणजे कागद जवळ आहे तोवर घर तात्यासाहेबांचं, आणि कागद नसेल तर कडुबाच्या मर्जीचं.

असा कागद कायम एका जागी ठेवणं तात्यासाहेबांना खुळेपणाचं वाटे. गॅसचं सिलिंडर पोचवणारा येऊन गेला की ते कागदाची जागा बदलत. व्याही मुक्कामाला येऊन गेले की बदलत. पिशोरहून भाऊबंद आले तर ते यायच्या आधी एकदा आणि गेल्यावर एकदा बदलत. गव्हाची कोठी, वडिलांची तसबीर, गोधडीची शिवण, फुटक्या शिट्टीचा कुकर, सगळीकडे तो कागद नांदून आला होता. चोराला कळू नये म्हणून शोधलेली जागा ते स्वतःशीही मोठ्याने बोलत नसत. त्यामुळे शेवटची जागा कोणती हे आता चोरालाही माहीत नव्हतं आणि धन्यालाही.

एरवी कागद पडून राहिला असता. पण प्रेरणा सासर कायमचं सोडून आली होती आणि शिवणकामावर स्वतःचं भागवत होती. तिने कधी काही मागितलं नाही. आपण डोळे मिटल्यावर भाऊबंद हिला मशीनसकट रस्त्यावर उभी करतील, ही धास्ती तात्यासाहेबांना लागली होती. म्हणून हयातीतच घर तिच्या नावावर करायचं त्यांनी ठरवलं. सिडकोत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलाला, शिवराजला, बोलावून विचारलं. तो म्हणाला, "करा की तात्या. तिचंच करा." त्याने एका दमात हो म्हटलं, याच गोष्टीने तात्यासाहेबांना अन्न गोड लागेना. एवढ्या पटकन हो कोण म्हणतं? आणि तिसऱ्याच दिवशी कागद नाही!

त्यांनी सुनेला फोन लावला.

"सोनिया, दिवाळीत तू माळा झाडला होतास."

"हो तात्या."

"काय काय फेकलं?"

"काही नाही हो. रद्दी, फाटकी पोती."

"पोत्यात हात घालून बघितलं होतं?"

"फाटक्या पोत्यात काय बघायचं?"

"म्हंजे बघितलं नाय. बरं." त्यांनी फोन ठेवला आणि आवडाबाईंना म्हणाले, "लई शांतपणी बोलती. काय केलं नसंल तर माणूस इतकं शांत बोलतं व्हय?"

"मग काय रडायचं तिनं?" आवडाबाईंनी सूप पाखडलं. "तिनं बी नाय घेतला आन म्या बी नाय. तुमीच कुठंतरी कोंबला असंल. आता वकिलाकडं जा."

क्रांती चौकाजवळच्या एका बोळात, जिना चढून वर, अनंतराव वकिलांची खोली होती. अनंतराव सालस माणूस. कुणालाही बोलताना मध्ये तोडत नसत. तात्यासाहेबांनी आधी दार लावलं, मग पंख्याकडे एक नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"वकीलसाहेब, समजा, एखाद्या माणसाचा बाँड हरवला."

"तुमचा हरवला का?"

"समजा म्हणलं मी."

"बरं. समजा तुमचा हरवला," अनंतराव म्हणाले, "तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करायची. मग पेपरात जाहीर नोटीस द्यायची, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून."

"म्हंजे कडुबा वाचणार! त्याला कळलं की कागद नाय, तर उद्या म्हणंल, शेत माझं, घर पाडा. आजचा भाव बघा तिथला." तात्यासाहेबांनी आवाज खाली आणला. "कुणीच वाचत नाय असा पेपर नाय का एखादा?"

"नोटीस द्यायला येणारे सगळे तोच मागतात," अनंतराव म्हणाले. "दुसरा एक मार्ग आहे. कडुबांनाच आणा. कागदोपत्री आजही जमीन त्यांची आहे. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीची, म्हणजे गुंठेवारीची, बाकी पूर्तता मी बघतो. त्यांनी सरळ प्रेरणाताईंच्या नावाने रजिस्ट्री करून दिली, की जुना बाँड असला काय आणि नसला काय. पण पोलिसांचा दाखला तेवढा आणा. दस्तात खरी हकिकत लिहावी लागते."

"आन त्यानं सही नाय दिली तर?"

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "तर मग तात्यासाहेब, त्यांच्या इमानावर आहे."

हे वाक्य हर्सूलपर्यंत रिक्षात तात्यासाहेबांच्या शेजारी बसून आलं.

पोलीस चौकीतला हवालदार चांगल्या मनाचा निघाला. त्याने पाणी दिलं, पंखा वाढवला आणि लिहिता लिहिता नेहमीच्या सवयीने विचारलं, "कुणावर संशय?"

जन्मात कुणी इतक्या आपुलकीने हे विचारलं नव्हतं. तात्यासाहेब खुर्चीत सावरून बसले. सुनेपासून त्यांनी सुरुवात केली. मग शिवराज, त्याचं ते पटकन हो म्हणणं. मग सिलिंडरवाला, पाण्याची मोटर दुरुस्त करणारा, व्याही, व्याह्यांचा ड्रायव्हर, समोरचा रामकिसन, जो कधीही बघावं तर ओट्यावरच बसलेला असतो.

"आजोबा, आजोबा! जागा संपली," हवालदार म्हणाला. "आन ही हरवल्याची नोंद हाय, चोरीची नाय."

"मग संशय इच्यारला कामून?"

"चुकलं माझं," हवालदार म्हणाला, आणि पाठ सोडवून घ्यायला त्याने दाखल्यावर झटक्यात शिक्का मारून दिला. इतक्या सहज शिक्का मिळाला म्हणून तात्यासाहेबांनी तो बाहेर येऊन उन्हात धरून पाहिला.

आता उरला कडुबा. हर्सूलची जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकून तो करमाडला जाऊन राहिला होता. जालना रोडपासून आत त्याने शेत घेतलं होतं, टुमदार घर बांधलं होतं. एकट्याने गेलो तर काम आहे हे दिसेल, म्हणून तात्यासाहेबांनी आवडाबाईंना बरोबर घेतलं. रिकाम्या हातानेही दिसेल, म्हणून पिशोरच्या वावरातल्या अद्रकीची मोठी पिशवी घेतली.

कडुबा लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. त्याने दोघांना फाटकातून येताना पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"राम राम. कोण गेलं?"

"कोण जातंय? सहज आलो."

"मे महिन्यात? भर दुपारी? वहिनीला घिऊन?" कडुबाने खुर्च्या पुढे केल्या, पण डोळे पिशवीवरच ठेवले. "सहज माणूस शेजाऱ्याकडं जातो, तात्या. करमाडला कामानं येतो."

"वावरातली अद्रक हाय, भाऊजी," आवडाबाई म्हणाल्या.

कडुबाने पिशवीत डोकावून पाहिलं, एक खांड काढून हुंगलं, परत आत टाकलं आणि पिशवी लिंबाच्या बुंध्याशी ठेवली. आत नेली नाही, परतही केली नाही. काय ते कळल्याशिवाय अद्रकीला घरात जागा नव्हती.

चहा आला. पावसापाण्याचं झालं, गुडघ्यांचं झालं. मग तात्यासाहेबांनी घसा खाकरला.

"त्या प्लॉटची पक्की रजिस्ट्री करावी म्हणतो. लेकीच्या नावानं. तुझी सही लागती."

"बाँड हाय की तुझ्याकडं."

"हाय की! नसायला काय झालं?" हे जरा मोठ्यानेच निघालं. आवडाबाईंना ठसका लागला.

"मग सही कामून?"

"वकील म्हणतो, बाँडापरीस रजिस्ट्री बरी."

"वकील." कडुबाने पेला खाली ठेवला. "म्हंजे त्याला बाँड दाखवलास."

"दाखवला."

"वाचला त्यानं?"

"वकील हाय. वाचंलच की."

"सगळा?"

त्या एका शब्दात काहीतरी हललं. पिशोरच्या बाजारात लाथाड बैल विकायला आणलेला माणूस असाच विचारतो, नीट बघितला ना म्हणून. तात्यासाहेब सावध झाले. खरी गोष्ट अशी होती, की बाँड झाला तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. लिहिलेलं कुणीतरी भराभर वाचून दाखवलं आणि त्यांनी अंगठा उठवला. पुढे पन्नाशी उलटल्यावर ते प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले, पण तोवर तो कागद लपवायची इतकी सवय झाली होती, की वाचायला म्हणून त्यांनी तो कधी उघडलाच नव्हता.

"सगळा वाचला," ते म्हणाले. "दोनदा."

कडुबाने खांद्यावरचा गमजा काढून कपाळ पुसलं. "रस्त्याचं म्हणतोस ना?"

तात्यासाहेबांनी मान हलवली. त्यांना दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच.

"कबूल हाय. तुझा पहिला सौदा, तवा रुंद रस्ता लिहिला मी. नंतर गिऱ्हाईक इतकं आलं, की अर्धा रस्ता बी विकून बसलो. पुढच्यांच्या कागदात रस्ता लिहिलाच नाय. सारेच तसं करत व्हते!"

तात्यासाहेबांच्या दारात आजवर कधी टेम्पो वळला नव्हता. घर बांधताना विटा कोपऱ्यापासून डोक्यावरून आणाव्या लागल्या होत्या, आणि त्याबद्दल त्यांनी आजवर महापालिकेला शिव्या घातल्या होत्या. त्यांचे हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाले. पण ते नुसतं म्हणाले, "पुढं."

"मंदिराला सोडलेली जागा? ती बी विकली."

"पुढं बोल."

"आता हिरीचं बी उकरतो व्हय? देवाशपथ सांगतो, बुजवली तवा पाणीच नव्हतं तिच्यात!"

"हीर व्हती?" आवडाबाईंच्या तोंडून निघून गेलं. आयुष्यभर टँकरच्या मागे घागर घेऊन पळाल्या होत्या त्या.

कडुबाने चमकून पाहिलं. "वहिनीला ठाव नाय?"

"हिला मी समदं सांगत नसतो," तात्यासाहेब म्हणाले. कडुबाने मान डोलावली. एवढं मात्र त्याला लगेच पटलं.

त्याने गमजा परत खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "सही देतो. लेकीच्या नावानं देतो. पर एक अट. जुना बाँड आधी माझ्यासमोर फाडायचा. मगच सही."

आणि त्याने सुनेला हाक मारून अद्रकीची पिशवी आत न्यायला सांगितली.

परतीच्या जीपमध्ये शेंद्र्याला शेजारचे उतारू उतरले, तशा आवडाबाई जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगून टाका त्याला."

"खरं सांगितलं की गेलं घर. कागदाला भितोय तो. कागद नाय म्हणलं तर भिईल कशाला?"

"मग फाडणार काय?"

घरी पोचेपर्यंत तात्यासाहेबांचं ठरलं होतं. पिशोरच्या सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कुणी कधी घ्यायच्या, याचा एक जुना स्टँपपेपर त्यांच्याजवळ होता. तसाच पिवळा, तसाच घड्या पडलेला. तो लांबून दाखवायचा आणि कडुबाने हात पुढे करायच्या आत फाडायचा. त्यासाठी हात चपळ हवा. म्हणून ते रोज सकाळी ओसरीत बसून जुन्या पेपरांच्या घड्या खिशातून काढून फाडायला लागले.

"तात्या, हे काय चाललंय?" प्रेरणाने विचारलं.

"बोटांचा व्यायाम."

"आईनं सांगितलंय मला." ती त्यांच्यासमोर बसली. "माझ्यापायी लबाडी नका करू. नको मला घर. मी कुठंबी भाड्यानं खोली घेईन, मशीन ठेवायपुरती."

"भाड्यानं?" तात्यासाहेबांचा हात थांबला. "आन घरमालक कसा निघंल, त्याची काय खात्री? कुलपाची दुसरी किल्ली ठेवून घेतली असंल त्यानं. रातच्याला कोण कडी वाजवील? मी तवा असंल का बघायला?" त्यांनी पेपरची घडी उचलली आणि टरकन फाडली. "तू नऊवारी शिव. फाडायचं काम माझं हाय."

रजिस्ट्री ऑफिसात त्या दिवशी गर्दी होती. साक्षीदार म्हणून शिवराज आला होता. कंपनीतून सुट्टी टाकून, वेळेच्या आधी. हेही तात्यासाहेबांना जरा जास्तच वाटलं. कडुबा पांढरं स्वच्छ धोतर नेसून आला होता. बाकावर एका टोकाला तात्यासाहेब, दुसऱ्या टोकाला कडुबा, मध्ये आवडाबाई आणि प्रेरणा. समोर अनंतराव दस्ताचा मसुदा घेऊन उभे.

"आणलास?" कडुबाने विचारलं.

तात्यासाहेबांनी बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवला.

"मी एकदा सगळं वाचून दाखवतो," अनंतराव म्हणाले.

"वाचा, वाचा," तात्यासाहेब म्हणाले. कडुबाचं ध्यान वाचण्याकडे लागेल तेवढ्यात काम उरकावं, असा त्यांचा बेत होता. अनंतरावांनी वाचायला सुरुवात केली. नावं झाली, गट नंबर झाला, चतुःसीमा झाल्या. कडुबा कान देऊन ऐकत होता. तात्यासाहेबांनी घडी काढली, हात उंच केला, "हे बघ कडुबा!" म्हणाले आणि टरकन कागद मधोमध फाडला. नेमके त्याच क्षणी अनंतराव पुढच्या ओळीवर आले.

"'...सदर जमिनीचा मूळ बाँड गहाळ झाला असून, तशी पोलिसांत रीतसर नोंद करण्यात आली आहे.'"

कडुबाने आधी अनंतरावांकडे पाहिलं, मग तात्यासाहेबांच्या दोन हातांतल्या दोन तुकड्यांकडे.

"गहाळ झाला," तो हळूहळू म्हणाला. "मग ह्यो काय फाडतोय?"

कडुबाने एक तुकडा हातातून ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि वाचला. "'सोमवार, मोठ्या वाट्याची पाळी...' तात्या, हे तर पाण्याचं हाय!"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी प्रेरणाकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट जशी होती तशी सांगून टाकली.

"हरवला रं कडुबा. खरंच हरवला. कुठं ठेवला आठवत नाय. घर पालथं घातलं, सापडत नाय. आता तुझ्या मनात असंल तसं कर."

कडुबाने हातातला तुकडा बाकावर टाकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण त्यात जराही आनंद नव्हता.

"तू कागद हरवलास? तू?" तो म्हणाला. "अरे, बयाणा देताना नोटा उजेडात धरून बघणारा तू! माझ्या पोराच्या लग्नात पंगतीला चपला मांडीखाली घिऊन बसला व्हतास. तू आन कागद हरवणार?"

"पोराची आण घेऊन सांगतो..."

"बघा वकीलसाहेब, आण बी घेतो! आवो, खोटा कागद फाडायला आणलाय, म्हंजे खरा घरी कडीकुलपात हाय. नसता तर खोटा फाडायची गरजच काय व्हती?"

अनंतरावांना आपल्या सगळ्या वकिलीत इतकं पक्कं अनुमान कुणी काढलेलं आठवेना. "कडुबा, ते खरं बोलतायत. हा पोलिसांचा दाखला."

"दाखला! शिक्का बी मारून आणलाय! किती दिसांपासून जुळवतोय बघा." कडुबाच्या कपाळावर घाम आला. "मला सांगा, मी सही नाय दिली, तर हा काय करंल?"

"कोर्टात जावं लागेल त्यांना," अनंतराव म्हणाले. ते खरं तेच बोलत होते.

"ऐकलं? कोर्टात! रस्ता, मंदिर, हीर, समदं घिऊन कोर्टात!" कडुबा ताडकन उठला. "आणा इकडं. सही कुठं करायची? पर लिहा त्यात, रस्त्याची, मंदिराची, हिरीची ह्या घरची काय बी तक्रार नाय म्हून."

"तुमच्या दोघांपुरतं लिहितो," अनंतराव म्हणाले. "वस्तीतल्या बाकीच्यांचं मला लिहिता येणार नाही."

"दोघांपुरतंच लिहा. भ्या मला ह्याचंच हाय."

तात्यासाहेब काही बोलायला गेले, तर शिवराजने त्यांचं कोपर दाबलं. मग नाव पुकारलं गेलं, फोटो निघाले. कडुबाचा अंगठा यंत्रावर उमटेना. शेतात घासून घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. हा मुद्दाम नीट दाबत नाही, असं तात्यासाहेबांना वाटलं. यंत्रात तात्याची काही करामत आहे, असं कडुबाला वाटलं. शेवटी बोट पुसून, फुंकर मारून, जरा तिरकं धरल्यावर अंगठा उमटला, आणि घर प्रेरणाच्या नावाचं झालं. तिने कागद हातात घेतला, स्वतःचं नाव वाचलं, परत वाचलं, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. शिवराज कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी पेढे घेऊन आला. तात्यासाहेबांनी पेढा घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच काही न विचारता खाल्ला.

हे इथेच मिटलं असतं. पण कडुबाला गप्प बसवेना. करमाडच्या हॉटेलात, लग्नातल्या पंगतीत, जालना रोडच्या थांब्यावर, जिथे माणूस भेटेल तिथे तो सांगत सुटला, की तात्याने आपल्याला कसं जाळ्यात धरलं, रुंद रस्त्याचा अस्सल कागद कसा दाबून ठेवला, वरून आण कशी घेतली. आठवड्याभरात ही गोष्ट हर्सूलच्या मागच्या वस्तीत पोचली. तिथल्या एकाही घरी टेम्पो वळत नव्हता. एकाच्याही बाँडात रस्ता नव्हता.

एका संध्याकाळी तात्यासाहेबांच्या अंगणात चपलांचा ढीग पडला. पुढे समोरचा रामकिसन, मागे सगळी गल्ली.

"तात्या, तो बाँड काढा तेवढा," रामकिसन म्हणाला. "आमी महापालिकेत जातो. रस्ता मोकळा करून घेऊ."

"नाय माझ्याकडं. हरवलाय."

"व्हय, कडुबाला बी हेच सांगितलंत म्हणं."

"खरंच हरवलाय, रामकिसन."

"आन खोटा फाडला तो कशाला?" मागून कुणी तरी विचारलं.

"कडुबानं काय दिलं तुमाला गप बसायला?" दुसऱ्याने विचारलं.

"दस्तात तक्रार नाय म्हून लिहून बी दिलंय म्हणं," तिसरी एक बाई म्हणाली.

तात्यासाहेब आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागले. सगळ्यांचे डोळे बारीक झाले होते, माना जरा तिरक्या झाल्या होत्या, आणि कुणीतरी त्यांच्या पाठीमागे, घरातल्या कोठीकडे डोकावत होतं.

"बरं तात्या," रामकिसन दुखावल्या आवाजात म्हणाला, "आमच्यावर भरोसा नसंल तर तसं सांगा. पर आमी जायाचो नाय." आणि तो ओट्यावर मांडी घालून बसला. त्याच्या मागे एकेक करून गल्ली बसली. प्रेरणाने आतून सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. घर तिचं होतं. माणसं दारात बसली तर चहा द्यायलाच हवा होता.

तात्यासाहेब आत येऊन कोठीला टेकून उभे राहिले. आवडाबाई जवळ आल्या. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्या कुणाला सांगनार नाय. आयुष्य काढलंय तुमच्यासंगं. मला तरी खरं सांगा, कुठं ठिवलाय?"

तात्यासाहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"तुला इच्यारायला कुणी पाठवलं?" ते म्हणाले. "कडुबानं, का रामकिसननं?"